गंजाची खोटी साक्ष

मध्ययुगीन युरोपांतील नाइटांचे जे लहान पुतळे शौकीन लोक आज विकत घेतात, रंगवितात आणि प्रदर्शनांत मांडतात, त्यांच्याविषयीं एक समजूत इतकी रूढ झाली आहे कीं, ती केवळ समजूत आहे हेंच बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. पृष्ठभाग जितका खडबडीत तितका पुतळा इतिहासास धरून, अशी ही समजूत आहे. पत्र्यावर हातोड्याचे घाव दिसले, कडांना नारिंगी गंज चढला, सांध्यांत काळा मळ सांचला आणि झग्याच्या किनारीच्या चिंध्या झाल्या, कीं परीक्षक मान डोलावतात आणि ‘अस्सल’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघतो. उलट एखाद्या कारागिरानें आपल्या नाइटाच्या छातीचें पोलाद आरशासारखें स्वच्छ ठेवलें, तर ‘हें खेळणें झालें’ असा शेरा त्याच्या पदरीं पडतो. या निवाड्यास इतिहासाचा आधार नाहीं; किंबहुना इतिहासाची साक्ष बहुतांशीं त्याच्या विरुद्ध आहे, हें मला येथें दाखवावयाचें आहे.

विषय क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. आपलीं मुलें दिवाळींत अंगणांत किल्ला करतात आणि त्यावर मातीचे मावळे उभे करतात. त्या मावळ्याचें पागोटें शिवकालीन आहे कीं पेशवाईंतलें, हें विचारीत बसणारा मनुष्य अरसिकच म्हटला पाहिजे. मातीचा मावळा कसलाच दावा करीत नाहीं. परंतु ज्या पुतळ्याच्या बैठकीवर सरदाराचें नांव, लढाईचें नांव आणि वर्ष हीं तिन्ही कोरलेलीं असतात, ज्याच्या डब्यांत संदर्भग्रंथांचा उल्लेख असलेला कागद घातलेला असतो, आणि ज्याची किंमत त्या कागदामुळें दुप्पट होते, त्यानें दावा केलेला आहे. त्याला जाब विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. शिवाय सामान्य माणसाला मध्ययुगीन चिलखत प्रत्यक्ष पाहावयास मिळतें कोठें? त्याच्या मनांतलें चित्र चित्रपटांनीं आणि असल्या पुतळ्यांनींच घडविलेलें असतें.

प्रथम पत्र्याच्या चिलखताकडे पाहूं. पंधराव्या शतकांत मिलान, ऑग्सबर्ग, न्यूरेंबर्ग या शहरांत हा धंदा भरभराटीस आला होता. लोहार पत्रा ठोकून आकार देई, तेथें काम संपत नसे. तेथून तो पत्रा शिकलगारांच्या हातीं जाई. पाण्यावर फिरणाऱ्या चाकांवर तो घांसला जाई आणि उत्तरोत्तर बारीक भुकटीनें त्याला झिलई दिली जाई. हा स्वतंत्र कसब असलेला, स्वतंत्र मजुरी घेणारा वर्ग होता. पुढें सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनें ग्रिनिच येथें परदेशी कारागीर आणून आपला कारखाना थाटला, तेव्हां त्याच्या जोडीला लुइशम येथें घांसकामाची पाणचक्की लागलीच. हातोड्याच्या खुणा कोठेंच राहत नसत असें मात्र नाहीं. त्या राहत, परंतु पत्र्याच्या आंतल्या बाजूस, जेथें अस्तरापलीकडे कोणाची दृष्टि जात नसे. संग्रहालयांतील उत्तम चिलखत उलटून पाहिलें, तर बाहेर गुळगुळीत आणि आंत घावांनीं भरलेलें, असें हें दुहेरी रूप स्पष्ट दिसतें. आमचे आजचे कारागीर ही आंतली बाजू बाहेर आणतात. त्यांचा नाइट चिलखत उलटें घालून रणांगणावर निघालेला असतो, आणि याला आम्ही ऐतिहासिक अचूकपणा म्हणतों!

हा गुळगुळीतपणा केवळ मिरविण्यासाठीं होता, असेंही समजूं नये. भाल्याचें टोंक पत्र्यावर अडकलें कीं त्याचा सगळा जोर अंगावर येतो. तेंच घसरलें तर जोर वायां जातो. म्हणून पत्र्याला फुगीर आकार दिला जाई, म्हणून त्यावर उभे कंगोरे काढले जात, आणि म्हणूनच त्याला झिलई दिली जाई. शिवाय घांसलेल्या पोलादावर ओल कमी टिकते आणि तें पुसून काढण्यास सोपें जातें. ज्या पृष्ठभागावर टोंक अडकेल असा खडबडीत पत्रा पैसे देऊन अंगावर चढविणारा सरदार मूर्खच म्हणावा लागेल. आणि ते लोक इतर कसेही असले, तरी आपल्या जिवाच्या बाबतींत मूर्ख नव्हते.

मग हा गंज आला कोठून? तो आला जमिनींतून आणि अडगळीच्या खोल्यांतून. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बी येथें १३६१ सालीं डेन्मार्कच्या राजाच्या सैन्यानें तेथील शेतकऱ्यांची कत्तल केली. त्यांचीं प्रेतें अंगावरील चिलखतांसह मोठमोठ्या खड्ड्यांत पुरण्यांत आलीं, आणि १९०५ पासून पुढील पंचवीस वर्षांत तीं उकरून काढण्यांत आलीं. बेंग्ट थॉर्डेमन यांनीं त्यांवर लिहिलेला ग्रंथ १९३९ पासून अभ्यासकांच्या हातांत आहे. त्यांतील पत्रे खड्डे पडलेले, खपल्या धरलेले आणि तांबूस आहेत. साडेपांचशें वर्षें मातींत राहिलेलें लोखंड दुसरें कसें दिसणार? परंतु त्या छायाचित्रांवरून रंग घेऊन तो जिवंत, घोड्यावर बसलेल्या माणसाच्या अंगावर चढवावयाचा, म्हणजे सापळा पाहून माणसाची कांति ठरविण्यासारखें आहे. याच विस्बीच्या पत्र्यांनीं दुसरीही एक गोष्ट शिकविली होती, पण ती कोणी फारशी मनावर घेतली नाहीं. हे पत्रे कापडाच्या किंवा कातड्याच्या अंगरख्याच्या आंतून रिव्हेटांनीं बसविलेले होते. जिवंतपणीं बाहेरून दिसत होतें तें कापड आणि त्यावरच्या रिव्हेटांच्या टिकल्या. कापड कुजून गेलें, पत्रे उरले, आणि पुतळेवाल्यांनीं पत्रेच बाहेर लावले.

माझ्या प्रतिपक्षाच्या हातीं एक चांगलें शस्त्र आहे, तें मी आपण होऊनच पुढें करतों. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरनें आपल्या यात्रेकरूंमध्यें जो नाइट रंगविला, त्याचा जाड्याभरड्या कापडाचा अंगरखा कड्यांच्या चिलखताच्या डागांनीं माखलेला आहे. हा पाहा गंज, असें म्हणण्यांत येतें. परंतु हे डाग चॉसरनें मुद्दाम कां सांगितले? तो गृहस्थ मोहिमेवरून परतला आणि कपडे न बदलतां तसाच यात्रेस निघाला, हें त्याचें साधेपण दाखविण्यासाठीं. सगळेच नाइट सदासर्वदा तसे दिसत असते, तर त्यांत सांगण्यासारखें काय होतें? शिवाय डाग आहेत ते कापडावर. त्यावरून छातीच्या पत्र्याला भोंकें पडलीं होतीं असें सिद्ध होत नाहीं. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका इंग्रजी काव्यांत सर गवेन प्रवासास निघण्यापूर्वीं त्याच्या चिलखताच्या कड्या गंज काढून स्वच्छ केलेल्या असतात. कड्यांचें चिलखत वाळूबरोबर पिंपांत घालून तें पिंप लोळवावयाचें, ही त्या काळची नेहमीची रीत होती. गंज चढत होता, हें खरें. आणि तो रोज उतरविणारे हातही होते, हेंही तितकेंच खरें.

आतां चित्रकारांची साक्ष घेऊं, कारण पुतळे रंगविणारांचा विश्वास त्यांच्यावर अधिक. यान वान आइकनें १४३६ सालीं पुऱ्या केलेल्या आणि आज ब्रूझ येथें असलेल्या चित्रांत सेंट जॉर्ज पूर्ण चिलखतांत उभा आहे. त्या पोलादांत कुमारी मेरीच्या लाल वस्त्राचें प्रतिबिंब पडलें आहे, आणि पाठीवरच्या ढालीच्या चकाकींत एक लहानशी मानवाकृति दिसते. ती स्वतः चित्रकाराचीच असावी, असें अभ्यासक मानतात. प्रतिबिंब दाखविणारा हा पृष्ठभाग एका अशा माणसानें रंगविला आहे, कीं ज्याच्या नजरेंतून कापडाचा एक धागाही सुटत नसे. याच्या उलट, पाओलो उच्चेल्लोची सॅन रोमानोची लढाई पाहा. तिचे तीन भाग लंडन, फ्लॉरेन्स आणि पॅरिस येथें विखुरले आहेत. लंडनच्या भागांतील स्वारांचीं चिलखतें आज करड्या, मेलेल्या शिशासारखीं दिसतात, आणि कित्येक रंगारी त्यावरून आपला करडा रंग तयार करतात. वस्तुतः उच्चेल्लोनें तेथें चांदीचा वर्ख लावला होता आणि तो काळवंडला. चित्रकारानें जेवढी चमक त्याच्या हातीं होती तेवढी सगळी खर्च केली. आम्ही मात्र तिच्यावर चढलेली काजळी प्रमाण मानून तिची नक्कल करीत बसलों.

याचा अर्थ प्रत्येक नाइट पांढऱ्या लखलखीत पोलादांतच रंगवावा, असा कोणी काढील, तर तोही चुकेल. आणि चकचकीतपणाच्या जुन्या कैवाऱ्यांना हें सांगणें भाग आहे. जुन्या शस्त्रागारांत, विशेषतः लंडनच्या टॉवरमध्यें, पिढ्यान्‌पिढ्या नोकरांनीं चिलखतें घांसघांसून उजळ ठेवलीं. या उद्योगांत तापवून आणलेली निळी झांक, सोन्याचा मुलामा आणि रंग निघून गेले. आठव्या हेन्रीचें चांदीचा मुलामा दिलेलें आणि नक्षीनें भरलेलें चिलखत अजून टॉवरमध्यें आहे, पण त्या चांदीचा बराच भाग झिजला आहे. कँटरबरी येथें १३७६ सालीं मरण पावलेल्या ब्लॅक प्रिन्सचा मखमली अंगरखा जपून ठेवलेला आहे. तो मुळांत तांबडा आणि निळा, सिंह व लिली यांच्या भरतकामाचा, असा डोळे दिपविणारा होता. आज त्याचा रंग उडून गेला आहे. म्हणजे संग्रहालयांतला पांढरा पत्राही सगळेंच सत्य सांगत नाहीं आणि विटलेली मखमलही सांगत नाहीं. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांत अमेरिकेच्या ऑरोरा कंपनीनें मुलांनीं जोडावयाचे प्लॅस्टिकचे नाइट बाजारांत आणले: न्यूरेंबर्गचा काळा, मिलानचा निळा, ऑग्सबर्गचा रुपेरी. जाणत्यांनीं त्यांना नाकें मुरडलीं. परंतु निळें पोलाद आणि काळें चिलखत या खरोखरीच्या वस्तु होत्या. आणि आजच्या महागड्या, मळकट, तपकिरी पुतळ्यापेक्षां तें स्वस्त खेळणें कधीं कधीं सत्याच्या अधिक जवळ जात असे, ही गंमत नजरेआड करूं नये. इंग्लंडांत रिचर्ड कोर्टनी यांनीं शतवर्षीय युद्धांतील खऱ्या सरदारांचे, त्यांच्या कुलचिन्हांसह केलेले चकचकीत पुतळे आज ‘जुन्या वळणाचे’ म्हणून बाजूस सारले जातात. सिंह कोणत्या रंगाचा आणि कोणत्या बाजूस तोंड केलेला, हें त्यांत कसोशीनें पाहिलेलें असे. आजच्या पुतळ्यांत बहुधा सिंहावरच चिखल उडालेला असतो, त्यामुळें तो प्रश्नच उद्भवत नाहीं.

कड्यांच्या चिलखताची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. खऱ्या चिलखताची एक कडी बाहेरून सुमारें १० मिलिमीटर व्यासाची असे, पुष्कळदां त्याहूनही लहान. ५४ मिलिमीटर उंचीच्या पुतळ्यांत माणूस सुमारें बत्तीस पटींनीं लहान होतो. त्या हिशेबानें कडीचा व्यास मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरतो. इतकी बारीक कडी कोरणें हाताला जवळ जवळ अशक्य, म्हणून कारागीर ती मिलिमीटरभर करतो. मूळ प्रमाणांत ती कडी ३२ मिलिमीटरची होते, म्हणजे नाइटानें गुरांच्या दाव्याची साखळी अंगावर विणून घेतली, असा देखावा होतो. संगणकावर पुतळे घडविणारे आतां एकच नमुना सगळ्या अंगावर पसरून मोकळे होतात. प्रत्येक कडी दुसऱ्या चारांत गुंतलेली असते आणि त्यामुळें सगळें वस्त्र स्वतःच्या वजनानें लोंबतें, कमरेच्या पट्ट्यावर गोळा होतें, कोपरांत चुणतें, याचा त्यांना पत्ता नसतो. दहा किलोच्या आसपास वजनाचें तें वस्त्र कसें पडतें, हें न पाहतां त्याच्या कड्या मोजीत बसणें म्हणजे मुख्य वस्तु सोडून तिच्या सावलीमागें धांवणें होय. कित्येकांच्या हातून तर कड्यांऐवजीं विणलेल्या स्वेटरची वीणच उतरते. हें आश्चर्य नाहीं. चित्रपटांतील नटांना पुष्कळदां दोऱ्यांचें किंवा लोंकरीचें विणकाम रुपेरी रंग देऊन चिलखत म्हणून घातलें जाई. मॉन्टी पायथन मंडळीच्या १९७५ च्या विनोदी चित्रपटांतील चिलखतें अशींच होतीं. तेथें तो विनोद होता. आमच्या पुतळ्यांत तो गंभीरपणें येतो.

पृष्ठभागाची वीण हाच पुरावा समजण्याचे परिणाम काय होतात, हें आपण पूर्वीं एकदां पाहिलें आहे. सॅम्युएल मेरिक या इंग्रज पंडितानें १८२४ सालीं प्राचीन चिलखतांवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कबरींवरच्या निजलेल्या मूर्ति, पितळी पत्रे, मोहरा आणि हस्तलिखितांतील चित्रें यांत चिलखताचा पृष्ठभाग वेगवेगळ्या तऱ्हांनीं दाखविलेला त्यानें पाहिला: कोठें अर्धवर्तुळें, कोठें तिरप्या रेघांची जाळी, कोठें कौलांसारखे तुकडे, कोठें पट्टे. आणि जितक्या तऱ्हा, तितके चिलखतांचे प्रकार, असें ठरवून त्यानें प्रत्येकाला नांव दिलें. वस्तुतः ते बहुतेक सर्व एकाच कड्यांच्या चिलखताकडे पाहण्याचे निरनिराळे सांकेतिक मार्ग होते. दगड कोरणारा एक खूण वापरी, चित्र काढणारा दुसरी. डर्बीशरमधील न्यूटन सॉल्नी येथील मूर्तीसारख्या थोड्या मूर्तींवर जे आडवे पट्टे दिसतात, त्यांचा वाद तर फार लांबला. आज बहुतेक अभ्यासक तेंही संकेताचेंच काम मानतात. शिवाय कित्येक मूर्तींवर शिल्पकारानें कड्या दगडांत कोरल्याच नव्हत्या. खडू व सरस यांचा लेप देऊन त्यांत त्या उठविल्या होत्या आणि वर रंग दिला होता. लेप गळून पडला, आणि वीर घट्ट, सपाट कापड नेसून निजल्यासारखा दिसूं लागला. मेरिक हा लहान मनुष्य नव्हता. या शास्त्राचा पाया इंग्लंडांत त्यानेंच घातला. कारागिराची सोय आणि वस्तूचें स्वरूप यांत तो फसला. आमचे पुतळेवाले त्याच खड्ड्यांत दुसऱ्या बाजूनें उतरत आहेत. उद्यां आणखी दोनशें वर्षांनीं एखाद्या मेरिकानें आमचे पुतळे अभ्यासले, तर ‘खड्ड्यांचें पोलाद’ आणि ‘नारिंगी पोलाद’ असे दोन नवे प्रकार तो निश्चित करील.

येथें प्रतिपक्षाचा खरा मुद्दा येतो, आणि तो विचारार्ह आहे. माणूस बत्तीस पटींनीं लहान करतां येतो, पण त्यावर पडणारा उजेड लहान करतां येत नाहीं. लहान पुतळ्यावर नैसर्गिक छायाप्रकाश उठत नाहीं. म्हणून उंचसखलपणा वाढवावा लागतो, खांचांत काळोख भरावा लागतो, कडा उजळाव्या लागतात. हें सर्व मला मान्य आहे. कड्या अतिशयोक्तीनेंच कोराव्या लागतील, हेंही मान्य आहे. परंतु अतिशयोक्ति ज्याची करावयाची तें मुळांत असलें तर पाहिजे! कड्यांत वीण आहे, ती वाढवा. घडी पडलेल्या कापडांत सावली आहे, ती गडद करा. गुळगुळीत पत्र्यांत मुळांत जें नाहींच, तें वाढवावयाचें कसें? तेथें वाढवावयाची असेल तर चमक वाढविली पाहिजे: वर आकाशाचा फिकट पट्टा, खालीं जमिनीचा काळसर पट्टा, दोहोंमध्यें क्षितिजाची कठोर रेघ, आणि शेजारच्या तांबड्या झग्याचें ओझरतें प्रतिबिंब. वान आइकनें हेंच केलें, आणि तेंही धातूचा कण न वापरतां, नुसत्या तैलरंगानें.

आणि येथेंच घोडें पेंड खातें. असा गुळगुळीत पत्रा रंगविणें फार अवघड आहे. त्यांत हात थरथरला तर दिसतो, पुतळ्याभोंवतीं काय आहे याचा विचार करावा लागतो, आणि साच्याची एखादी शिवण राहिली तर ती लपत नाहीं. उलट खडबडीत पृष्ठभागावर पातळ काळा रंग सोडला कीं तो आपोआप खड्ड्यांत जाऊन बसतो, कोरडा कुंचला फिरविला कीं उंचवटे आपोआप उजळतात. आणि दहा मिनिटांत ‘परिणाम’ साधतो. कोरणाराला झिलई करण्याचे कष्ट वांचतात, रंगविणाराला विचार करण्याचे. या सोयीबद्दल मी कोणाला दोष देणार नाहीं. फावल्या वेळांतला हा छंद आहे, त्याला शपथा घालूं नयेत. परंतु सोयीला सोय म्हणावें. तिला ऐतिहासिक सत्याचें बिरुद लावून बक्षीस वाटण्यांत येतें, माझें भांडण तेथें आहे.

या आवडीच्या मुळाशीं दुसरीही एक वृत्ति आहे. मध्ययुग म्हणजे चिखल, रोगराई आणि रानटीपणा, ही कल्पना आम्हां आधुनिकांना सुखावते. त्या अंधाराच्या शेजारीं आमचा दिवा अधिक उजळ दिसतो. घाणेरडा नाइट हा या आत्मप्रौढीचा नमुना आहे. त्या काळीं घाण होती, क्रौर्य होतें, यांत शंका नाहीं. पण चकाकणारें चिलखत त्या क्रौर्याला झांकीत नाहीं. उलट तें क्रौर्य कोणाच्या जिवावर उभें होतें हें सांगतें. एकाच्या अंगावर वीस ते पंचवीस किलो पोलाद लखलखत राहावें म्हणून पाणचक्कीवर दिवसभर वांकून बसणारा शिकलगार, पिंप लोळविणारा पोऱ्या आणि पट्ट्यांना तेल लावणारा चाकर, या सर्वांचें आयुष्य त्या चकाकींत गेलेलें असे. पुतळ्यावर गंज चढविणारा त्यांचें काम पुसून टाकतो. त्याच्या चित्रांत सरदार एकटा असतो, आणि त्याचें चिलखत कधीं कोणी घांसलेलेंच नसतें.

खडबडीत आणि काळें ठेवलेलें लोखंडही जगांत होतें, हें मला ठाऊक आहे. ऑस्ट्रियांत ग्राझ येथील शस्त्रागारांत सुमारें बत्तीस हजार वस्तु आहेत, आणि त्यांत साध्या शिपायांसाठीं गठ्ठ्यांनीं केलेलीं काळीं चिलखतें भरपूर आहेत. ज्याला तसा पृष्ठभाग हवा त्यानें खुशाल तो करावा, परंतु तो सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या पायदळाच्या शिपायाच्या अंगावर. त्याच्या बैठकीवर १४१५ सालचें अझँकूर आणि एखाद्या उमरावाचें नांव घालूं नये. चिखलही असावा. अझँकूरच्या नांगरलेल्या, पावसानें भिजलेल्या शेतांत तो मुबलक होता. पण तो पोटऱ्यांवर, घोड्याच्या पोटावर, झग्याच्या खालच्या घेरावर असावा; शिरस्त्राणाच्या माथ्यावर तो चढला असेल, तर तो सरदार पडला होता असें समजावें लागेल, आणि अझँकूरच्या चिखलांत पडलेले फ्रेंच उमराव बहुधा पुन्हां उठून उभे राहिले नाहींत. रात्रभर पावसांत राहिलेल्या पत्र्यावर सकाळीं पातळ तपकिरी साय येते. तीही एखाद्यानें दाखवावी, तिला माझी हरकत नाहीं. मात्र ती साय आणि पांचशें वर्षांच्या मातींतले खड्डे यांतला फरक ज्याला कळत नाहीं, त्यानें परीक्षकाच्या खुर्चीवर बसूं नये.

वॉरिकच्या सेंट मेरी देवळांत रिचर्ड बोशँप याची सोनेरी मुलाम्याची धातुमूर्ति आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास ती ओतली गेली. चार्ल्स स्टॉथर्ड या चित्रकारानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ती उलटवून पाहिली, तेव्हां पाठीवरचे पट्टे, बकलें आणि बिजागऱ्या समोरच्या बाजूइतक्याच काळजीनें केलेल्या आढळल्या. हातांनीं नीट सफा केलेला हा पृष्ठभाग आहे. त्यावर कोठेंही हातोड्याचा खोटा घाव नाहीं. मिलानच्या पद्धतीचें चिलखत करूं इच्छिणाऱ्या प्रत्येक कारागिराच्या टेबलावर या मूर्तीचीं छायाचित्रें असतात. बिजागऱ्या तो त्यांवरून हुबेहुब उतरवितो, बकलांची संख्या बरोबर मोजतो. आणि मग पत्र्याकडे वळून करवंडी उचलतो.